अकरा महिन्यांचे बिऱ्हाड

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. परंतु घर पाहावे भाड्याने घेऊन, हे सांगण्याचे त्यांपैकी कोणासही सुचले नाही. ज्या ओटीवर पाळणा हलला त्याच ओटीवरून शेवटचे उचलले जावे, असा ज्या काळी रिवाज होता, त्या काळी ह्या तिसऱ्या अनुभवाची गणती कोण करणार? सांप्रत मात्र शहरातील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांस आयुष्यात एकदा तरी दुसऱ्याच्या भिंतीवर आपले पंचांग टांगण्याची पाळी येते, आणि ती कला शिकविणारा एकही ग्रंथ आमच्या पाहण्यात नाही.

मराठी भाषेने 'घर' आणि 'बिऱ्हाड' हे दोन शब्द निराळे ठेवले, ही तिची मोठीच सावधगिरी होय. घर बांधतात, बिऱ्हाड करतात. घर मोडले तर शोक होतो, बिऱ्हाड हलविले तर केवळ टेंपोचे भाडे पडते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. विंचवाचे घर कोणी म्हणत नाही. कायद्यासही हा भेद मान्य आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ती यातायात चुकवावी म्हणून कोणा चतुर माणसाने ११ महिन्यांचा करार शोधून काढला, आणि तो देशभर रुजला. पुढे महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने 'लीव्ह अँड लायसन्स'चा प्रत्येक करार, मुदत कितीही असो, लेखी करून नोंदविणे बंधनकारक केले. तेव्हा त्या चतुराईचा उपयोग संपला. पण ११ हा आकडा काही गेला नाही. वर्षास एक महिना कमी ठेवून घरमालक बिऱ्हाडकरूस जणू सांगत असतो की, बाबा रे, येथे तुझे वर्ष पुरे व्हावयाचे नाही.

ह्या आकड्याशी आमचा परिचय पन्नाशी उलटल्यावर झाला. गिरगावातील ज्या चाळीत आमचे सारे आयुष्य गेले, ती उपकरप्राप्त इमारत पुनर्विकासास गेली. आणि त्याच सुमारास आमच्या शिक्षणसंस्थेने आमची बदली रायगड जिल्ह्यातील आपल्या एका महाविद्यालयात केली. नव्या इमारतीत खोल्या मिळण्यास तीन वर्षे लागतील, असे कागदावर लिहून मिळाले. (तीनाचे पाच होतात, हे गिरगावात शाळेत न गेलेल्या मुलासही ठाऊक असते.) तेव्हा मुंबईत दुसरी जागा धुंडीत बसण्यापेक्षा सर्वांनीच रोह्यास जावे असे ठरले. सर्वांनी म्हणजे आम्ही, आमचे कुटुंब, आणि ८४ वर्षांच्या आमच्या मातोश्री.

येथे एक मौज सांगितली पाहिजे. मातोश्री ज्यांस 'आपले घर' म्हणतात, त्या गिरगावातल्या दोन खोल्या हेही मुळात बिऱ्हाडच होते. आमच्या आजोबांनी त्या १९३८ साली भाड्याने घेतल्या. पुढे १९४७ चा मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा आला, भाडी जेथल्या तेथे गोठली, भाडेकरूस उठविणे दुरापास्त झाले, आणि पाहता पाहता बिऱ्हाडाचे घर होऊन गेले. पागडी ह्या संस्थेने मुंबईत भाडेकरूस मालकाचा रुबाब दिला आणि मालकास भाडेकरूची लाचारी दिली. मातोश्री १९६२ साली लग्न होऊन त्या खोल्यांत आल्या. त्यानंतर त्यांनी जेवढी म्हणून सुखदुःखे पाहिली ती सर्व त्या दोन खोल्यांत. अशा माणसास करारनाम्याच्या भाषेत तुम्ही येथेही परक्याच्याच जागेत होता असे सांगणे, हे कायद्याने बरोबर असले तरी माणुसकीने बरोबर नव्हे.

रोहा आम्हांस तोवर रेल्वेच्या नकाशावरूनच ठाऊक होते. मध्य रेल्वे येथे संपते आणि कोकण रेल्वे येथून सुरू होते. म्हणजे रत्नागिरीकडे जाणारा उतारू येथून पुढे निघून जातो. उतरल्यावर कळले की, गाव नदीच्या दोन्ही काठांवर आहे. अलीकडे रोहा, पलीकडे अष्टमी, मध्ये कुंडलिका. नगरपालिकेच्या नावातही रोहा-अष्टमी अशी जोडी आहे. नदीपलीकडच्या डोंगरावर अवचितगड, आणि गावाबाहेर धाटावची औद्योगिक वसाहत. जागा मिळाली ती जुन्या वस्तीतील एका कौलारू घराचा वरचा मजला. खाली मालकीणबाई एकट्याच असतात. चिरंजीव पुण्यास नोकरीवर. जिना बाहेरून, लाकडी. पुढे गॅलरी, आत दोन खोल्या, त्यांपैकी एकीत भिंतीत कोरलेला कमानदार कोनाडा, आणि मागे मोरी. मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी नियम सांगितले. अनामत परत मिळेल, दिवाबत्तीचे बिल निराळे, आणि भिंतीत नवा खिळा ठोकावयाचा नाही. आहेत त्या खुंट्यांवर भागवावे. वडिलांची तसबीर टांगण्याजोगी एकही खुंटी नव्हती. ती आम्ही ट्रंकेवर भिंतीस टेकवून ठेवली.

नव्या जागेत राहावयास जाणे म्हणजे तिच्या खोडी पाठ करणे होय. आमच्या दाराची कडी आधी थोडी वर उचलून मग ओढावी लागते. मोरीतला नळ पहाटे साडेपाचास जागा होतो आणि सातास झोपी जातो. त्या वेळात जो झोपून राहिला त्याचा दिवस बादली घेऊन विहिरीवर सुरू होतो. विजेची बटणे नऊ, त्यांपैकी दोन कशाची आहेत हे मालकीणबाईंसही ठाऊक नाही. गिरगावात अंधारातही आमचा हात बरोबर बटणावर जाई. येथे पहिले पंधरा दिवस तो भिंत चाचपीत राहिला आणि प्रत्येक वेळी नेमका पंखाच लागला. पाऊस सुरू झाल्यावर ज्ञानात आणखी भर पडली. झड कोणत्या खिडकीतून येते, कोणते कौल सरकलेले आहे, आणि पातेले नेमके कोठे ठेवावे म्हणजे रात्रभर टपटप ऐकू न येता पाणी त्यात पडेल, ह्या विद्या आम्ही दोन आठवड्यांत हस्तगत केल्या. पातेल्याच्या तळाशी जुने फडके घालावे, ही युक्ती आमच्या घरातून निघाली. आमच्या पदवीचा तिच्याशी काही संबंध नाही.

इतके झाले तरी संसार लागला असे म्हणता येईना. पुस्तकांची तीन खोकी बंदच होती. स्वयंपाकघरात चार माणसे जेवावयास येतील एवढी भांडी बाहेर काढलेली नव्हती. जे जे म्हणून करावयाचे निघे, त्यास एकच उत्तर असे: "इथे आहोत किती दिवस!" मातोश्रींनी तर आपली ट्रंक काथ्याच्या दोरीने बांधून आणली होती, ती तशीच बांधलेली राहिली. तिच्यात पूजेची चांदीची उपकरणी, त्यांचा लग्नातला शालू, आणि गणपतीच्या मखराच्या घडीच्या पट्ट्या होत्या. सोडू का, असे विचारले की म्हणत, "कशाला? पुन्हा बांधायचीच ना!"

उत्तर बिनतोड होते, आणि त्यामुळेच आम्हांस त्याचे भय वाटले. तीन वर्षे हा काळ करारनाम्यात सर्वांकरिता एकाच ठशात छापलेला असतो. पण तो सर्वांस सारखा लांब नसतो. आमच्या विद्यार्थ्यास तीन वर्षे म्हणजे एक पदवी. आम्हांस तीन वर्षे म्हणजे सेवानिवृत्तीच्या अलीकडचा एक टप्पा. चौऱ्याऐंशीव्या वर्षी तीन वर्षे म्हणजे काय, हा प्रश्न आमच्या घरात कोणी मोठ्याने विचारला नाही. 'तात्पुरते' हा शब्द ज्यास पुढे पुष्कळ दिवस आहेत त्यानेच वापरावा असा आहे. मातोश्री तो वापरीत होत्या खऱ्या, परंतु त्यात त्या आपले उरलेले आयुष्य गुंडाळून दोरीने बांधीत आहेत, असे आम्हांस त्या ट्रंकेकडे पाहताना वाटे.

आयुष्य इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात गेल्यामुळे अशा वेळी आमचे मन कौलावरून एकदम फ्लॉरेन्सला जाते. रॉबर्ट ब्राउनिंग आणि त्याची कवयित्री पत्नी एलिझाबेथ ह्यांनी १८४७ च्या उन्हाळ्यात तेथे पिट्टी राजवाड्यासमोर 'कासा ग्विदी' नावाच्या जुन्या वाड्यात काही दिवसांकरिता सामानासकट जागा भाड्याने घेतली. पुढील वर्षी तीच जागा त्यांनी बिनसामानाची घेतली, कारण भाडे फारच कमी पडे. आणि मग नवराबायको हौसेने एकेक टेबल, एकेक आरसा जमवू लागली. तेथेच १८४९ साली त्यांस मुलगा झाला. त्याचे लाडके नाव 'पेन' होते. (आमच्या जिल्ह्यातील पेणशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह आम्ही आवरला आहे.) त्या जागेच्या खिडक्यांच्या नावाने एलिझाबेथने १८५१ साली एक दीर्घ काव्य प्रसिद्ध केले, आणि १८६१ साली तिने देह ठेवला तोही तेथेच. त्यानंतर रॉबर्टने ते शहर सोडले. पुढे २८ वर्षे तो जगला, पण फ्लॉरेन्सला परत गेला नाही. आज तीच जागा प्रवाशांस थोड्या दिवसांकरिता भाड्याने मिळते, हे तिच्या कुळशीलास धरूनच झाले.

कोणी म्हणेल, चौदा वर्षांचे बिऱ्हाड हे बिऱ्हाड कसले? मग कीट्सचे उदाहरण घ्यावे. तो १८२० च्या नोव्हेंबरात रोमला स्पॅनिश पायऱ्यांशेजारच्या खोल्यांत राहावयास गेला आणि १८२१ च्या फेब्रुवारीत क्षयाने वारला. संसर्गाच्या भीतीने तेथील कायद्याप्रमाणे खोलीतले सामान जाळून टाकण्यात आले. अवघ्या तीन महिन्यांची ती वस्ती. पण तेवढ्यात त्याच्या सोबतीस असलेल्या सेव्हर्न ह्या चित्रकाराने भाड्याने पियानो आणून तेथे ठेवला होता. खाणावळीचे जेवण वाईट येऊ लागले तेव्हा कीट्सने ते सरळ खिडकीतून खाली ओतले, आणि त्यानंतर जेवण सुधारले, अशीही हकीकत सेव्हर्नने सांगितली आहे. मरणोन्मुख मनुष्य तीन महिन्यांच्या बिऱ्हाडात संगीताची सोय करतो आणि जेवण नीट नसेल तर ते खपवून घेत नाही, ह्याचे आम्हांस फार नवल वाटत आले आहे.

ह्याच्या उलट कालिदासाचा यक्ष पाहा. त्यास शापाची मुदत एक वर्षाची, म्हणजे हल्लीच्या करारापेक्षा महिनाभर जास्तच होती. त्यातले आठ महिने त्याने रामगिरीवर अलकानगरीकडे डोळे लावून काढले. रामगिरीच्या आश्रमांत कोण ऋषी होते, पाणी कोठून आणीत, शेजारी कोण होते, ह्यांतले त्याने काहीही सांगितलेले नाही. मेघास वाट दाखविताना मात्र साऱ्या भूगोलाचा तपशील त्याच्या जिभेवर आहे. काव्यास असला नायक फार चांगला. घरमालकास आणि घरच्या माणसांस तो चांगला असेल असे वाटत नाही. हा विचार रोह्यात सुचावा हेही योग्यच झाले. कारण रोहेकर ज्यांचे नाव अभिमानाने घेतात, ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख ह्यांनीच ह्या मेघदूताचे मराठी रूपांतर केले आहे.

परंतु आपले घर गेले म्हणून हळहळणाऱ्यास आणखी एक गोष्ट ऐकविण्याचा अधिकार रोह्यात जर कोणास असेल तर तो नदीस आहे. भर उन्हाळ्यात कोकणातल्या नद्या आटतात; कुंडलिका वाहत असते. ह्याचे कारण वर भिऱ्यास टाटांचे वीजगृह आहे, ते १९२७ साली सुरू झाले, आणि वीज करून सोडलेले पाणी ह्या नदीत येते. कोलाडजवळ तरुण मंडळी रबरी होड्यांतून ज्या लाटांवर आरडाओरडा करीत जातात, त्या लाटाही त्याच पाण्याच्या. ते पाणी मुळात मुळेचे. मुळशीस धरण बांधले नसते तर ते भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून पूर्वसमुद्रास गेले असते. सह्याद्रीतून इकडे उतरवून ते पश्चिमसमुद्राकडे वळविण्यात आले. त्या धरणाखाली मावळातली गावे गेली. १९२१ साली सेनापती बापटांनी त्यासाठी सत्याग्रह मांडला, १९२४ पर्यंत तो चालला, आणि तरीही गावे बुडाली. त्या मावळ्यांस कोणी तीन वर्षांनी परत या असे लिहून दिले नव्हते, आणि नव्या इमारतीचा नकाशाही दाखविला नव्हता. आमच्या गाऱ्हाण्याचे माप ह्या नदीशेजारी उभे राहिले की आपोआप लहान होते. मात्र हे आम्ही मातोश्रींस कधी ऐकविले नाही. दुसऱ्याच्या मोठ्या दुःखाने आपले लहान दुःख मोडून काढणे हा वर्गात शिकविण्याचा विषय आहे. घरात त्याचा उपयोग होत नाही.

घरात उपयोग झाला तो वालांचा. श्रावणात एका दुपारी मालकीणबाईंनी जिन्याखालून हाक दिली, "आजी, येता का खाली? वाल सोलायचे आहेत." ज्यांस रायगड जिल्हा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो की, भाताचे पीक निघाल्यावर त्याच जमिनीच्या ओलीवर येथे कडवे वाल होतात. ते भिजवून, फडक्यात बांधून मोड आणतात, आणि मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा बोटांत दाबून सोलतात. त्याचे बिरडे ज्याने खाल्ले त्यास सोलण्याचे कष्ट आठवत नाहीत. जी सोलते तिला सोबत लागते. पायली-दोन पायली वाल एकटीने सोलणे ही शिक्षा आहे, आणि दोघींनी सोलणे ही करमणूक आहे. मातोश्री कठड्यास धरून एकेक पायरी खाली उतरल्या. दोन तासांनी आम्ही महाविद्यालयातून परत आलो तो दोघी ओटीवर बसून होत्या, आणि गिरगावच्या बाजारात पेणचे म्हणून जे वाल विकतात ते खरोखर पेणचे असतात काय, ह्यावर चर्चा चालली होती. मालकीणबाई सांगत होत्या, "दसऱ्याच्या सुमारास धावीर महाराजांची पालखी निघते. पोलीस बंदुकांनी सलामी देतात. तुम्हाला गॅलरीतनं छान दिसेल." मातोश्री म्हणाल्या, "बघू." गिरगाव सोडल्यापासून पुढच्या एखाद्या दिवसाविषयी त्यांनी काही म्हटल्याचे आम्ही प्रथमच ऐकले.

चार दिवसांनी मालकीणबाई हातोडी आणि एक लांब खिळा घेऊन वर आल्या. तसबीर कोणत्या उंचीवर हवी एवढेच त्यांनी विचारले. भिंत जुन्या मातीची, खिळा दोनदा निसटला, तिसऱ्यांदा बसला.

राहिला प्रश्न गणपतीचा. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. मातोश्रींनी प्रारंभीच सांगून टाकले होते की, यंदा तो धाकट्याकडे डोंबिवलीस बसवावा. बिऱ्हाडात कसला गणपती! शास्त्राने गणपती बसविणाऱ्याकडे सातबारा मागितलेला नाही, असे आम्ही हळूच म्हणून पाहिले. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पुढे एका सकाळी पाऊस धो धो लागला होता आणि धुणे वाळत घालावयास जागा नव्हती. गॅलरीत पाहतो तो एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत काथ्याची दोरी ताणून बांधलेली, आणि तीवर मातोश्रींची दोन लुगडी. ट्रंकेकडे आम्ही पाहिले नाही, आणि आमच्या घरातूनही त्याविषयी काही निघाले नाही. त्याच संध्याकाळी मातोश्रींनी विचारले की, पेणला जाण्यास गाडी किती वाजता आहे.

पेण रोह्याहून मुंबईच्या वाटेवर. नागोठणे, कासू, आणि मग पेण. गणपतीच्या मूर्तीसाठी हे गाव इतके विख्यात आहे की, परदेशांतल्या मराठी घरांतही येथून मूर्ती जातात. गावात आणि पलीकडे हमरापूर, जोहे ह्या भागांत घरोघर हेच काम. चतुर्थी झाली की पुढच्या वर्षाचे सुरू होते. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढल्यापासून शाडू की प्लास्टर हा वाद येथे पोटाचा प्रश्न होऊन बसला आहे, आणि न्यायालयापर्यंत गेला आहे. आम्ही गेलो ती एक शाडूची जुनी कार्यशाळा होती. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर पांढऱ्याशुभ्र मूर्ती ओळीने, सगळ्यांचे डोळे अद्याप कोरे. कोपऱ्यात एक पोरसवदा कारागीर मांडीवर मूर्ती घेऊन श्वास रोखून बुबुळ आखीत होता. डोळ्यांची आखणी हे पेणचे खरे वैभव. हात तेवढा सराईत होण्यास वर्षे लागतात. दीड दिवसाच्या पाहुण्यासाठी एवढी वर्षे खर्चणारे गाव मातोश्रींनी बराच वेळ उभे राहून पाहिले. त्यांस बसावयास पाट दिला, तरी त्या बसल्या नाहीत.

मालकाने वही उघडली. नाव विचारले, ते आम्ही सांगितले. मग गाव विचारले. आम्ही गिरगाव सांगावे की कसे, ह्या विचारात असता मातोश्री म्हणाल्या, "रोहा लिहा." मालकाने लिहून घेतले आणि उंची विचारली. "दरवर्षीप्रमाणे सव्वा फूट," आम्ही म्हणालो.

"नाही," मातोश्री म्हणाल्या. "वरच्या कोनाड्यात मखर धरून एक फुटाचीच मावेल. मी वितीने मोजून आले आहे."